घरच्या वहीत आईची मजुरी

वर्धा
११ जानेवारी २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

संक्रांतीला यंदा येणं जमत नाही. तुरीची आवक सुरू झाली आहे आणि या दिवसांत आमच्या शेतकरी कंपनीत कोणी रजा मागत नाही. दादा मंगळवारी वर्ध्याला येतो आहे, त्याच्याजवळ तिळगूळ आणि आईच्या गुडघ्याचं औषध देते.

पत्र लिहायचं कारण आपली धाकटी छकुली. फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, मध्येच कोणी बोललं की मूळ गोष्ट राहून जाते. पत्र सवडीनं वाचता येईल. दादा म्हणाला, तिला बारावीनंतर बीबीए, म्हणजे व्यवसाय व्यवस्थापनाची डिग्री, करायची आहे आणि बाबांचा नकार आहे. "आपल्या घरात कोणं धंदा केला? कास्तकाराच्या पोरीले धंद्याची डिग्री कायले पाहिजे?" असं बाबा म्हणाले म्हणे. नर्सिंग किंवा डी.फार्म. केलं तर हाताला लवकर काम लागेल, ही तुमची काळजी मला समजते. माझ्या वेळीही तुमचं हेच म्हणणं होतं, आणि तरी सोयाबीन विकून तुम्ही माझी बीबीएची फी भरलीत. त्या पैशानं मला काय शिकवलं, ते सांगायचं मी तुमचं देणं लागते.

बाबा, कास्तकारी हाच धंदा आहे. बियाण्याची बॅग घेतल्यापासून विकलेल्या मालाचा चुकारा हातात पडेपर्यंत सात-आठ महिने पैसा अडकून पडतो. पावसाची जोखीम आपली, बोंडअळीची आपली, आणि भाव दुसऱ्याच्या हातात. बीबीएची तीन वर्षं याच गोष्टी शिकवण्यात जातात. पैसा किती गुंतला, कधी सुटेल, माल कोणाला विकायचा, माणसं कशी सांभाळायची. पुस्तकातली उदाहरणं कारखान्यांची असतात, पण मला प्रत्येक धड्यात आपलं साडेचार एकराचं वावर दिसायचं.

सगळ्यात जास्त ते दिसलं दुसऱ्या वर्षाच्या कॉस्टिंगमध्ये, म्हणजे उत्पादन खर्चाच्या विषयात. तेव्हा शिकलेली एक गोष्ट आजही मनातून जात नाही. सरकार हमीभाव ठरवतं तेव्हा कृषी खर्च व मूल्य आयोग पिकाचा खर्च वेगवेगळ्या तऱ्हांनी काढतो. एकात बियाणं, खत, फवारणी, मजुरी, असा रोख गेलेला पैसा धरतात. दुसऱ्यात त्याच्यावर घरच्या माणसांनी केलेल्या कामाची मजुरी मिळवतात. तिसऱ्यात स्वतःच्या जमिनीचा खंड, म्हणजे भाडं, आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याजही येतं. २०१८-१९ पासून हमीभाव दुसऱ्या हिशोबाच्या निदान दीडपट ठेवायचं धोरण आहे. २०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्याच्या कापसाचा क्विंटलचा खर्च ५,१४० रुपये धरला, त्याची दीडपट ७,७१० हा भाव जाहीर झाला. लांब धाग्याला ८,११०. तो खर्च आपल्या कोरडवाहू वावराला पुरेसा धरला आहे का, यावर बाबा, तुम्ही आणि मी एका बाजूचे आहोत. पण दिल्लीच्या कागदावर निदान आईची मजुरी धरलेली आहे. आपल्या घरच्या वहीत ती कधीच नव्हती.

तुमची ती लांब लाल वही मला पाठ आहे. गजानन महाराजांच्या फोटोमागे ठेवलेली. 'बॅग ६', 'डीएपी', 'फवारा', 'निंदण बाया ६', 'वेचाई'. पै-पै लिहिलेली, एकही खाडाखोड नाही. अक्षर असं की आमच्या कंपनीत आज कोणाचं तसं नाही. पण निंदणाला ओळीत बाया सात असायच्या. सातवी आई. सकाळचा स्वयंपाक उरकून, डबा डोक्यावर घेऊन ती त्यांच्यासोबतच निघायची आणि संध्याकाळी त्यांच्यानंतर घरी यायची. तिला कोणी दिवसाचा रोज द्यायचा नव्हता, म्हणून ती वहीत आली नाही. पुढे वहिनी आली, तीही नाही आली.

हे मी आईचं मन राखायला लिहीत नाही. हिशोब चुकला की निर्णय चुकतो, म्हणून लिहिते. समजा वेचाईचा दर किलोला १० रुपये आहे आणि आई दिवसाकाठी २५ किलो कापूस वेचते. म्हणजे तिचा रोज २५० रुपये. वेचणी एकदाची नसते, दिवाळीपासून तीन-चार वेळा त्याच पऱ्हाटीतून वाकून फिरावं लागतं. त्याआधी लावण, न उगवलेल्या जागी खाडे भरणं, निंदण. हे सगळे रोज दोघी सासू-सुनांचे मांडले, तर तुम्ही दरवर्षी "कपाशीनं यंदा तारलं" म्हणता त्यातला बराचसा नफा त्यांची न दिलेली मजुरी निघते. तुरीला वेचणी नाही. वहीत तूर कपाशीच्या मागे पडते, पण घरच्या बायांचं काम धरलं तर काही वर्षं ती पुढे निघेल असं मला वाटतं. आईचे गुडघे आता वाकत नाहीत. पुढच्या वर्षी कपाशी किती आणि तूर किती, हे ठरवायच्या आधी एकदा तरी 'बाया ८' असं लिहून बेरीज करून बघा. छकुलीला सोबत बसवा, तिची आकडेमोड चांगली आहे.

तुम्ही म्हणाल, आम्ही इतकी वर्षं डिग्रीशिवाय शेती केलीच. केलीत, आणि आम्हाला शिकवलंत. पण तुमच्या उमेदीच्या काळात कापूस कोणाला विकायचा हा प्रश्नच नव्हता. १९७२ पासून पुढची तीसेक वर्षं एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारलाच द्यायचा. पणन महासंघाच्या केंद्रावर गाडी लावायची, ग्रेडर म्हणेल ती प्रत मानायची आणि चुकाऱ्याची वाट बघायची. आज तसं नाही. सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, द्यायचा तर ॲपवर नोंदणी हवी, ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की दर कापतात आणि १२ च्या वर गेला की गाडी परत येते. खेडा खरेदीवाला दारात रोख देतो, पण भाव पाडून. कापसातून सरकी वेगळी काढणारा जिनिंगवाला मनात वेगळाच हिशोब करत असतो. क्विंटलभर कापसातून त्याला साधारण ३४ किलो रुई मिळते, बाकी जवळपास सगळी सरकी. रुईचा भाव जागेवर असला तरी सरकी-ढेपेला तेजी आली की त्याला कापूस जास्त भावानं परवडतो. ही गोष्ट त्याला माहीत असते, आपल्याला नसते. घरी ठेवलेला कापूस कधी काढायचा, हे ठरवायला ती कळावी लागते. पूर्वी जो निर्णय सरकार घ्यायचं तो आता दर हंगामात आपल्या ओसरीवर घ्यावा लागतो. त्यासाठी घरात कोणीतरी शिकलेलं हवं.

दादाच्या ट्रॅक्टरचंच बघा. तो म्हणतो, भाड्यानं चालवून हप्ते फेडू. पहिल्याच वर्षात शिकवतात की काही खर्च काम होवो न होवो लागतोच आणि काही खर्च कामाबरोबर वाढतो. समजा हप्ते, विमा मिळून वर्षाला दीड लाख. तासाचे १,००० मिळाले, त्यातले डिझेल, ड्रायव्हर, दुरुस्तीत ६०० गेले, तर हातात ४००. म्हणजे वर्षाला ३७५ तास ट्रॅक्टर दुसऱ्यांच्या वावरात फिरला तरच हप्ते निघतील, आणि दादाच्या कमाईचा पहिला रुपया ३७६व्या तासाला. गावात आधीच किती ट्रॅक्टर उभे आहेत, आणि पेरणीआधीचे काम असलेले दिवस किती, हे दादानं आधी मोजावं. मी घेऊ नको म्हणत नाही. मंगळवारी तो आला की आम्ही दोघं कागदावर मांडू.

माणसं सांभाळायचा विषयही असतो. फ्रान्समध्ये फेयॉल नावाचा एक खाण इंजिनिअर होता, त्यानं आयुष्यभर कंपनी चालवून १९१६ मध्ये कारभाराची १४ तत्त्वं मांडली. त्यातलं एक, एका माणसाला हुकूम देणारा एकच असावा. बाबा सांगतात डवरा धर, दादा सांगतो फवारा घे, आणि आपला गडी दोघांची बोलणी खातो. तो सोडून जायची भाषा करतो ती पैशासाठी नाही, असं आई मला दिवाळीत म्हणाली होती. कोण सांगणार ते तुम्ही दोघं ठरवून घ्या.

आता माझ्या कामाचं. आमची शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी आहे. अशा कंपन्यांची तरतूद कायद्यात २००२ मध्ये झाली. निदान दहा उत्पादक एकत्र आले की ती काढता येते, आणि शेअर कितीही असोत, मत एकाला एकच. आम्ही तूर घेतो, साफ करतो, प्रतवारी करतो, थोडीची डाळ करतो. कास्तकाराला पैसे आठवड्यात हवे असतात, मोठा व्यापारी आम्हाला महिना-दीड महिन्यानं देतो. मधल्या दिवसांचा पैसा कुठून आणायचा, हेच माझं मुख्य काम. कागदावर नफा असतानाही या एका खिंडीत कंपन्या बंद पडतात. मी बँकेत बसून कॅश क्रेडिटची, म्हणजे लागेल तसं उचलायच्या कर्जाची, मर्यादा वाढवून घेतली तेव्हा आमच्या सभासदांना तुरीचे पैसे वेळेवर मिळाले. त्या दिवशी मला तुमच्या सोयाबीनची फार आठवण आली.

पण छकुलीला सगळं गोड सांगू नका. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या कॉलेजातून बीबीए झालेल्या पोरांना पहिली नोकरी बहुतेक विमा विकायची, कर्ज विकायची किंवा वसुलीची मिळते. माझी पहिली नोकरीही एका फायनान्स कंपनीत वसुलीची होती. बचत गटाच्या बायांच्या दारात हप्त्यासाठी उभं राहणं मला सोसलं नाही आणि मी ती सोडली. नुसत्या डिग्रीवर कोणी खुर्ची देत नाही. हिशोब पक्का हवा, एक्सेल हाताखालचं हवं, टॅली यायला हवं, इंग्रजीत पत्र लिहिता यायला हवं. तिला सीए व्हायचं असेल तर बी.कॉम. बरं, फीही कमी. सगळं थोडं थोडं शिकून कामाला हात घालायचा असेल तर बीबीए. हे तिनं स्वतः ठरवावं, मैत्रीण कुठे जाते ते बघून नाही.

कॉलेज निवडताना '१०० टक्के प्लेसमेंट'चा फलक बघू नये. अकाउंट्स आणि स्टॅटिस्टिक्सला कायमचे मास्तर आहेत का, हे शेवटच्या वर्षाच्या पोरांना विचारावं. २०२४ पासून आपल्या राज्यात बीबीए, बीसीए, बीएमएसला सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. १०० प्रश्न, दीड तास. इंग्रजी, तर्क, सामान्य ज्ञान आणि संगणक. काही कॉलेजांनी त्यानंतर कोर्सचं नाव बदलून सीईटीशिवाय प्रवेश सुरू केले. तिथे घाई करू नका, कारण फी माफीचा प्रश्न येतो. २०२४-२५ पासून सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासनाच्या प्रवेश फेरीतून जाणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. मॅनेजमेंट कोट्याला आणि खासगी विद्यापीठांना ते लागू नाही. त्या कॉलेजच्या बीबीएला माफी मिळते का, हे प्रवेशाआधी कॉलेजकडून लेखी घेऊ.

राहण्याच्या खर्चासाठी अल्पभूधारकांच्या मुलांना वसतिगृह निर्वाह भत्ता असतो. त्या योजनेला डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुखांचं नाव आहे, हे बाबांना आवडेल. भाऊसाहेबांनी १९३२ मध्ये अमरावतीत शिक्षण संस्था काढली नसती तर आपल्याकडची किती घरं शाळेपर्यंत पोचली असती कोण जाणे. सातबारा आपला पाच एकरांच्या आतला आहे, तेव्हा अर्ज करूच. अभ्यासक्रम आता तीन वर्षांचा, ऑनर्स हवं तर चार. कोणत्या कारणानं पहिल्या वर्षानंतर थांबावं लागलं तर सर्टिफिकेट आणि दुसऱ्यानंतर डिप्लोमा मिळतो, म्हणजे केलेलं वाया जात नाही.

सुट्टीत तिला माझ्याकडे पाठवा. आमच्या गोदामावर काटा, पावत्या, स्टॉकचं रजिस्टर तिला बघू द्या. वर्गात बसायच्या आधी एक हंगाम बघितला तर पुस्तकातलं तिला लवकर उमगेल. तिला हे काम आवडलं नाही तर नर्सिंगचा फॉर्म मी स्वतः भरून देईन, त्यात माझा हट्ट नाही.

बाबांनी तिच्याशी एकदा निवांत बोलावं, दादासमोर नाही, दोघांतच. जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमिलेअर आत्ताच तहसीलात टाकून ठेवा, जूनमध्ये तिथे रांग लागते. दहावीच्या मार्कशीटची आणि आधारची झेरॉक्स मंगळवारी दादाजवळ द्या, सीईटीचा फॉर्म निघाला की मी इथूनच भरते. आईनं औषध रोज घ्यावं, जेवणानंतर.

तुमची लेक