पुस्तक वाचून रडलेल्या मुलास

नागपूर,
रविवार, दुपार

चि. ओंकारला अनेक आशीर्वाद.

रूममेट हसले म्हणून तू ‘कोसला’ मिटवून उशीखाली सारलंस म्हणे. हसू दे त्यांना. मनीच्या पानांवर तुझे डोळे कोरडे राहिले असते तरच मला काळजी वाटली असती. पण तुझा दुसरा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नव्हता. तू म्हणालास, “आई, पांडुरंग स्वतः कुठे धड रडतो? मग मला काय झालं?”

तेच तर झालं, बाप्पा. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते आणि हा माणूस रीतसर शोक करतच नाही. चिडतो, तिरकं बोलतो, तिच्या बारीकसारीक गोष्टी आठवत बसतो. त्याने न रडलेलं रडणं वाचणाऱ्याच्या वाट्याला येतं. भालचंद्र नेमाड्यांनी 1963 साली या कादंबरीत हे करून ठेवलंय, आणि अजून पोरं होस्टेलात पांघरुणात तोंड लपवतात. याउलट आजीच्या मालिका बघ. पडद्यावर सगळे इतकं रडतात की बघणाऱ्याला कामच उरत नाही. आजी समोर बसून सांबार निवडत असते, चेहरा ढिम्म. (तुझ्या होस्टेलात सांबार म्हणजे कोथिंबीर नव्हे, इडलीबरोबरचं, हे आजीला अजून पटलेलं नाही.)

आता तू म्हणशील, मग ‘श्यामची आई’चं काय? तिथे तर पानोपानी रडारड. खरंय. माझा हा नियम त्या एका पुस्तकापाशी मोडतो, आणि का मोडतो यावर मी बराच विचार केलाय. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं. गेलेल्या आईच्या आठवणी काढत बसलेला कैदी. अश्रू आवरून, मापून लिहायला त्याला सवड कुठली? शिवाय ते लिहिल्यासारखं नाहीच, सांगितल्यासारखं आहे. रात्री मंडळी जमतात, श्याम सांगतो, ऐकणारे डोळे पुसतात. बेचाळीस रात्री. आपण त्या मंडळींच्यात मागे कुठेतरी जाऊन बसतो.

आजी ते मोठ्याने वाचायची. मे महिन्याची दुपार, खिडकीत कूलर घरघरतोय, ताट्यांवर पाणी मारल्याने वाळ्याचा वास सुटलेला, आम्ही सगळी फरशीवर आडवी. ‘थोर अश्रू’ ही गोष्ट आली की तिचा आवाज बसायचा. मग चष्मा काढून पदराने पुसायची आणि म्हणायची, “या कूलरचे शिंतोडे काचेवर येतात.” कूलर होता खिडकीत, ती बसायची आतल्या भिंतीशी.

ती गोष्ट तुला माहीत आहे. अंघोळ झालेल्या श्यामला तळव्यांना माती लागू द्यायची नाही, म्हणून आई आपला ओचा धोंड्यावर पसरते आणि म्हणते, पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप. हे आमच्या शाळेत सुविचार म्हणून फळ्यावर लिहायचे. फळ्यापुढे कोणी रडल्याचं मला आठवत नाही. रडू येतं ते धोंड्यावर पसरलेल्या त्या ओच्याचं. हट्ट करणाऱ्या पोराला दोन धपाटे घालायचे सोडून ती बाई वाकते आणि ओचा पसरते. उपदेश नंतर येतो, आणि तोवर तो ऐकायला आपण उरलेलो नसतो.

दहाव्या पानावर खोकणारं आणि शेवटच्या पानावर हमखास मरणारं गोड पोर असलेली पुस्तकं मात्र मला आवडत नाहीत. तिथेही पाणी येतं, नाही असं नाही. कांदा चिरतानाही येतं.

एक गोष्ट ऑफिसातल्या मैत्रिणीकडून शिकले. ती दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाते आणि पिशवी भरून पुस्तकं आणते. तिथली पुस्तकांच्या स्टॉलवरची गर्दी तू पाहिली आहेस. अंगावरच्या कपड्यानिशी दूरवरून आलेली माणसंही परत जाताना पुस्तक घेऊन जातात. ‘बलुतं’ मी तिच्याकडूनच घेऊन वाचलं. दया पवारांचं आत्मकथन, 1978चं. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो ती दया पवारांना. म्हणजे शिकून मोठा झालेला माणूस आपल्याच जुन्या नावाला समोर बसवून ऐकतोय. पुस्तक परत देताना मी म्हटलं, फार रडले. तिने पुस्तक पिशवीत ठेवलं आणि म्हणाली, “मॅडम, रडून घेतलं की माणसाला वाटते आपलं काम झालं.” पुढे काही बोलली नाही, डबा उघडला. ‘बलुतं’ वाचशील तेव्हा हे ध्यानात असू दे. ते तुझ्याकडून अश्रू मागत नाही, दुसरंच काही मागतं.

आणि रडवायला मरणच लागतं असंही नाही. आपल्या नागपूरच्या महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक मोठ्या आत्याने एकदा सहज हातात घेतलं. त्यातल्या प्रभाला शिकायचं असतं, आणि घर तिला शिकू देत नाही. तुझ्या आत्यालाही मॅट्रिकनंतर पुढे शिकायचं होतं, हे तुला कुणी सांगितलं नसेल. प्रभापाशी तिचं वाचन थांबलं. चेहरा कोरडाच होता. पुस्तक पालथं घालून ती एवढंच म्हणाली, “हे त्याले कोनं सांगतलं?” मग उठली आणि भाकरी थापायला बसली. त्या दिवशी भाकरी जरा जास्तच झाल्या.

‘वाडा चिरेबंदी’ कुरिअरने पाठवतेय. प्रत बाबांची आहे, पानं दुमडू नकोस, आणि पेनाने रेघा तर नाहीच नाही. सोबत सांबारवडी आहे, ती आल्या दिवशीच संपव. हसणाऱ्या रूममेटलाही दे. ‘कोसला’ उशीखालून काढ आणि पुढे वाच. मनीनंतरही बरंच पुस्तक उरलंय.

तुझी,
आई