प्रत्येकाचं ताट प्रत्येकाच्या पुढ्यात

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. चिरंजीवांच्या रिसेप्शनला बुफे नको, पाहुण्यांनी टेबलाशी बसून जेवायचं आणि कोणाला काय हवं ते आधीच विचारून ठेवायचं, असं पोरांनी ठरवलंय म्हणतोस. हे जमवायचं कसं, तुम्ही इंग्लंडात केंटला काय केलंत, ते सविस्तर लिही म्हणालास. सविस्तरच लिहितो. लेकीच्या रिसेप्शनच्या अख्ख्या तयारीत मी हे एकच काम मागून घेतलं होतं.

मे महिन्यात पुण्याला लग्न लागलं तेव्हा जिलबीचं ताट घेऊन तूच पंगतीतून फिरत होतास. आमच्या आत्याने पानावर हात आडवा धरला, तसा तू लगेच वाकून विचारलंस, "शुगर आहे का हो?" आणि तिच्यासाठी मठ्ठा मागवलास. मला ते फार आवडलं होतं. पंगतीत पान डोळ्यांसमोर असतं, त्यामुळे कोण काय बाजूला सारतंय ते वाढणाऱ्याला दिसतं. ऑगस्टमधल्या केंटच्या जेवणात ताटली स्वयंपाकघरातून भरूनच येणार होती. म्हणजे पान बघायचं ते दोन महिने आधी, कागदावर. हे एकदा मनात ठसलं की बाकीचं सगळं आपोआप सुचत जातं.

मी हे का मागून घेतलं ते तुला कधी सांगितलं नव्हतं. दहा-अकरा वर्षांपूर्वी आई इथे आली होती, तेव्हा आम्ही ओळखीच्यांकडच्या एका रिसेप्शनला गेलो होतो. तिच्यासाठी शाकाहारी कळवलं होतं. पण कोणीतरी आयत्या वेळी जागा बदलल्या आणि आईपुढे चिकनची ताटली आली. मी चार टेबलं पलीकडे बसलो होतो. आई काही बोलली नाही. ताटलीवर रुमाल पसरला आणि शेजारचा पाव लोण्याशी खाल्ला. यजमानांना वाईट वाटेल म्हणून शेवटपर्यंत हसत बसली. परत येताना गाडीत हळूच म्हणाली, "घरी थोडा भात असेल ना रे?" तो प्रश्न माझ्या कानातून जात नाही. आपल्या लेकीच्या समारंभात एकाही माणसाला तसं विचारायला लागू नये, एवढंच मला हवं होतं.

तर आता कामाचं. आमचे १२८ पाहुणे होते आणि १३ गोल टेबलं. निमंत्रणासोबत उत्तराचं कार्ड गेलं आणि त्यावर तीन पर्याय होते : लॅम्ब (कोकराचं मटण), मासा, शाकाहारी. पहिली चूक तिथेच झाली. कार्ड घराला एक होतं, त्यामुळे उत्तरं आली ती "आम्ही चौघं, दोन शाकाहारी" अशी. चौघांतले दोघं कोण? मला त्यासाठी बावीस घरी फोन करावे लागले. तू असं करू नकोस. कार्डावर प्रत्येकाचं नाव आधीच छापून घे आणि त्या नावापुढेच खूण करायला सांग. आमच्या वहीतही मग एका माणसाला एक ओळ, अगदी पाच वर्षांच्या पोरालासुद्धा. नाव, टेबल, खुर्ची, काय खाणार, काय चालत नाही, आणि फोन कोणी केला.

"काहीही चालेल" म्हणणारे बरेच भेटतील. आपल्याकडची माणसं संकोची, त्यांना वाटतं आपल्यामुळे त्रास नको. त्यांना पुन्हा विचार. मी विचारायचो, "घरी सणाला काय करता?" मग खरं उत्तर यायचं. लंडनच्या महाराष्ट्र मंडळातलं एक जोडपं (१९३२ सालापासूनचं मंडळ आहे ते, आमच्या पाहुण्यांपैकी बरेचसे तिथलेच) आधी "काहीही" म्हणालं आणि मग कळलं की दोघंही चातुर्मास पाळतात, कांदा-लसूण बंद.

आता शाकाहारी या शब्दाबद्दल. इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ आपल्याला वाटतो तेवढा सरळ नाही. भाजलेले बटाटे बघायला निरुपद्रवी दिसतात, पण इथे ते हंसाच्या नाहीतर बैलाच्या चरबीत भाजायची जुनी पद्धत आहे. भाजीवरच्या रश्श्यात कोंबडीचा स्टॉक असू शकतो. हॉटेलच्या शेफने शाकाहाऱ्यांसाठी मशरूमचा रिसोट्टो, म्हणजे इटालियन मऊ भात, सुचवला. त्यात पार्मेझान चीज, आणि अस्सल पार्मेझान वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारं विरजण) घालूनच करतात. शिवाय आमच्या जैन पाहुण्यांना मशरूमच चालत नव्हतं. गोडाला पन्ना कोटा, म्हणजे सायीचं पुडिंग होतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेल्या जिलेटिनने जमवलेलं. शेफ माणूस सज्जन होता, त्याला हे कमीपणाचं वाटलं नाही. मी एक कागद लिहून दिला : मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, चरबी नाही, हाडांचा स्टॉक नाही, जिलेटिन नाही, रेनेट नाही. तो कागद त्याने भट्टीच्या वर चिकटवला. मग भात आणि हरभरे भरलेली भोपळी मिरची ठरली, आणि गोडाला आंब्याचं सॉर्बे. तुमच्याकडे चरबीचा प्रश्न येणार नाही, पण केकमधलं अंडं, पुडिंगमधलं जिलेटिन आणि एकाच कढईत तळलेलं सगळं, याची चौकशी तिथेही कर.

इथे एक गोष्ट मला मनापासून आवडली. चौदा पदार्थ असे आहेत की ते अन्नात असतील तर हॉटेलने ते गिऱ्हाइकाला सांगितलंच पाहिजे, असा कायदा आहे. शेंगदाणे, दूध, अंडी वगैरे तर आहेतच, पण त्या यादीत तीळ आणि मोहरीही आहे! आपल्या फोडणीत पहिली पडते ती मोहरी कोणाला तरी बाधत असेल, हे आपल्या मनातही येत नाही. आमच्या पाहुण्यांत सहा वर्षांचा एक मुलगा होता, त्याला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे ओठ सुजून श्वास अडकतो. त्याच्या आईने मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज बदलला होता. त्याच्या नावाची ओळ मी वहीत सगळ्यात वर लिहिली.

आणि त्यातूनच सगळ्यात अवघड प्रसंग आला. सांगलीची मावशी मुद्दाम रिसेप्शनसाठी आली होती. पंचांग बघितलं तर त्या शनिवारी संकष्टी. मावशीची संकष्टी चाळीस वर्षांत चुकलेली नाही. ती म्हणाली, "अरे त्यात काय, मी घरून साबुदाण्याची खिचडी डब्यात घेते." पण खिचडीत दाण्याचं कूट, आणि पलीकडच्या टेबलावर तो मुलगा. शिवाय बाहेरचं अन्न आत आणायला हॉटेलची परवानगी नव्हती. मावशीला नाही म्हणताना जीभ रेटेना. पण तिला कारण सांगितलं तशी ती एकदम म्हणाली, "बाळाच्या जिवापेक्षा खिचडी मोठी का?" आणि विषय संपला. मग मी आणि शेफ बसलो. मीठ चालेल, लोणी चालेल, जिरं चालेल, बटाटा चालेल. जिरं घालून लोण्यात परतलेले बटाटे, दही आणि फळं असं तिचं साडेसहाचं ताट ठरलं. आणि खरं जेवण चंद्रोदयानंतर. लंडनचा चंद्रोदय पुण्याच्या वेळेला होत नाही. इथल्या पंचांगाप्रमाणे तो नऊ वाजून गेल्यावर होता. वहीत मावशीच्या नावापुढे दोन ताटं लिहिली : टेबल ३, खुर्ची ४, साडेसहा, आणि चंद्र उगवल्यावर.

आता खुर्च्यांचं बघ. प्रत्येक टेबलाची पहिली खुर्ची कोणती, हे हॉटेलच्या लोकांशी बोलून ठरव. आम्ही दाराकडे तोंड असलेली खुर्ची एक नंबर धरली आणि तिथून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे पुढे. नाहीतर वाढणारा हातात चार ताटल्या घेऊन "लॅम्ब कोणाचं?" असं ओरडत उभा राहतो, आणि माणसं एकमेकांकडे बघत बसतात. दोन महिन्यांपूर्वी काय लिहिलं होतं ते निम्म्यांना आठवतही नाही. म्हणून नावाच्या कार्डावर खूण हवीच.

त्या खुणेचा मी फार विचार केला. लेकीने आधी छान चित्रं काढली होती, मेंढी, मासा, पान. त्याच आठवड्यात पुतण्याचा फोन आला. म्हणाला, "काका, मी लॅम्ब लिहिलंय, पण आजोबांच्या टेबलावर असेन तर शाकाहारी करा." आजोबा नव्वदीला आलेले, माळकरी. नातू चोरून काही करत नव्हता, त्यांच्या समोर ते नको एवढंच त्याचं म्हणणं. हे त्या पोराने मला विश्वासाने सांगितलं होतं, ते मी टेबलावर मांडून ठेवणार नव्हतो. त्याला मित्रांच्या टेबलावर, अकरा नंबरला बसवलं, आणि मेंढ्या-मासे रद्द केले. नुसता छोटा रंगीत ठिपका, तोही नावाच्या खाली, खुर्चीकडच्या बाजूला, म्हणजे मागून वाकणाऱ्या वाढप्यालाच दिसेल. हिरवा आणि तपकिरी रंग मुद्दाम टाळले. भारतातल्या खाण्याच्या पुड्यांवर शाकाहारी-मांसाहारी ओळखायची खूण याच रंगांत असते, आपली माणसं क्षणात ओळखतील. निळा, सोनेरी आणि जांभळा घेतला. कोणता कशाचा, ते फक्त वाढणाऱ्यांना ठाऊक.

शेवटचा आकडा हॉटेलला दोन आठवडे आधी दिला : लॅम्ब ४१, मासा २९, शाकाहारी ५२, मुलांची ताटं ६. बुधवारी हॉटेलकडून कागद आला. बेरीज १२८, चारी आकडे बरोबर. मी निश्चिंत होणार होतो. पण आईची आठवण झाली आणि टेबलागणिक ताळा करायला बसलो. सात नंबरला एक मासा जास्त, नऊ नंबरला एक कमी. मंगळवारी आम्ही एका बाईंना त्यांच्या बहिणीशेजारी बसता यावं म्हणून सातवरून नऊवर हलवलं होतं, आणि नऊमधल्या एका शाकाहारी गृहस्थांना सातवर. माणसं हलली, ताटल्या जुन्याच जागी राहिल्या. एकूण बेरजेत ही चूक कधीच दिसली नसती. म्हणून तुला हात जोडून सांगतो, माणूस हलवलास की त्याच मिनिटाला त्याचं ताट हलव, आणि ताळा टेबलागणिकच कर.

विहीणबाईंचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. त्यांच्या बाजूची पन्नास माणसं त्यांनी स्वतः फोन करून विचारली. जावयाच्या पणजीला चावता येत नाही, तर तिचा मासा काटे काढून कुस्करून, गरम दुधाळ सॉसमध्ये, आणि ताटली सगळ्यांच्या आधी, हे त्यांनी माझ्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं. आम्हाला एकमेकींची भाषा धड येत नाही असं माझी बायको म्हणते, पण त्या वहीवरून दोघींची मैत्री झाली.

रिसेप्शनच्या रात्री भाषणं चालू होती. मी मावशीवर नजर ठेवून होतो. सव्वानऊला ती उठली, शाल घेतली आणि बागेत गेली. मी मागे गेलो. झाडांच्या रांगेवर चंद्र नुकताच आला होता, तांबूस, थोडासा झिजलेला. मावशीने पेल्यातलं पाणी गवतावर सोडलं, हात जोडले. तेवढ्यात मागे पावलं वाजली. टेबल तीनवर वाढणारी मुलगी होती, एकवीस-बावीस वर्षांची, केंटमधलीच. तिने इंग्रजीत विचारलं, चंद्र आला का? मी हो म्हटलं. ती पळत आत गेली. आम्ही खुर्चीवर पोचलो तेव्हा झाकण घातलेली ताटली मावशीच्या जागेवर होती आणि झाकण काढल्यावर वाफ आली. भरलेली मिरची, भात, बाजूला लिंबाची फोड. लिंबू आम्ही सांगितलं नव्हतं. ते त्या मुलीने आपण होऊन ठेवलं होतं. दुपारी मावशीने तिच्याकडे पाण्यात पिळायला लिंबू मागितलं होतं, ते तिने लक्षात ठेवलं.

वहीची कोरी प्रत सोबत पाठवतोय. त्यात पहिली ओळ तुझ्या आईंची लिही. त्यांना आता ज्वारीची भाकरी कुस्करून लागते ना? आणि माझ्या नावापुढे शाकाहारी लिही. आई गेल्यापासून मी सोडलंय.

वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद. तारीख पक्की झाली की लगेच कळव, तिकीट काढतो.

तुझाच,
केंटकर