रिएतीच्या सिस्टरना, मम्मीकडून आणि माझ्याकडून

प्रिय सिस्टर,

फोनवर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय" म्हणून लगेच वसईत पाऊस किती झाला विचारता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहूनच टाकते, म्हणजे विषय बदलायची सोय नाही.

आमच्या टूरमध्ये असिसीला, म्हणजे इटलीत संत फ्रान्सिसच्या गावी, मोजून दोन तास होते. कानात इअरफोन, गाईड छत्री वर धरून पार पुढे, आणि मम्मी मागे. तिचा डावा डोळा काचबिंदूने गेलाय, उजव्यानेही बेताचंच दिसतं, त्यात ते खालचं देऊळ अंधारं, ती भिंत चाचपत पायऱ्या उतरतेय आणि मागून लोक ढकलतायत. बसमध्ये बसल्यावर एवढंच म्हणाली, "गर्दी भेटली, फ्रान्सिस काय भेटला नाही." इतक्या वर्षांची इच्छा होती हो तिची, मला रडूच आलं. त्या रात्री तुम्हाला फोन केला तो खरंतर फक्त रडगाणं गायला, आणि तुम्ही म्हणालात, टूर संपली की रिएतीला या, इथे कोणी येत नाही.

रविवारी आलो हा आमचा शहाणपणा. रोमहून बस मिळाली पण पुढे काहीच नाही, आणि तुम्ही स्वतःची सुट्टी सोडून ती छोटीशी गाडी घेऊन स्टँडवर उभ्या! वाटेत तुम्ही सांगितलंत की हे सगळं मैदान म्हणजे पूर्वी तळं होतं, इ.स.पू. 271 मध्ये रोमन लोकांनी कालवा खणून पाणी मार्मोरेच्या कड्यावरून खाली सोडलं. त्या सकाळी धुकं असं भरलं होतं की तळं परत आलंय असंच वाटत होतं, आणि काठाकाठाने डोंगरात फ्रान्सिसचे चार मठ, ग्रेच्चो, फोंते कोलोंबो, ला फोरेस्ता, पोज्जो बुस्तोने.

पोज्जो बुस्तोनेला मम्मीच्या गुडघ्यांमुळे वर चढलोच नाही. पण फ्रान्सिस त्या गावात शिरला तेव्हा "सुप्रभात, भल्या माणसांनो" म्हणाला, हे ऐकून मम्मी म्हणाली, म्हणजे आपलं रामराम मंडळीच की.

ग्रेच्चोला मात्र तिला हलवता हलवेना. आपण वसईकर नाताळच्या गोठ्यासाठी महिनाभर आधीपासून पेंढा, माती, लाइटच्या माळा जमवणारी माणसं, आणि ज्या गोठ्यावरून ही पद्धत जगभर पसरली तो हा, 1223 च्या नाताळचा, खडकाला चिकटलेल्या त्या एवढ्याशा गुहेत. मला वाटायचं तिथेही मूर्त्याच असतील. तुम्ही म्हणालात, नाही, फक्त गव्हाण, पेंढा, आणि खरा बैल नि खरं गाढव, बाळाची मूर्तीसुद्धा नव्हती, त्या गव्हाणीवरच मिस्सा (चर्चची उपासना) झाली. आमच्या गल्लीतल्या गोठा स्पर्धेच्या परीक्षकांनी ह्याला शून्य मार्क दिले असते. मम्मीने त्या खडकावर हात ठेवला तो कितीतरी वेळ काढलाच नाही, आणि तुम्ही घड्याळ बघितलं नाहीत. ते मी पाहिलं.

ला फोरेस्ताला ती द्राक्षांची गोष्ट. आजारी फ्रान्सिसला भेटायला येणाऱ्यांनी बिचाऱ्या फादरची सगळी बाग खाऊन तुडवून टाकली आणि तरी 13 ऐवजी 20 ओझी वाइन निघाली. मम्मीचा प्रश्न, "आणि पाहुण्यांना कोण काय बोललं की नाही?" (आमच्या घरी मे महिन्यात आंब्यांचं हेच होतं, म्हणून.)

पण खरं थँक्यू फोंते कोलोंबोचं. जंगलातली ती पायवाट, ओकची ओली पानं, आणि तुम्ही मम्मीचा दंड धरून पावलागणिक "आता दगड, आता पायरी". ग्रेच्चोच्या गोठ्याच्या आधी थोडेच महिने तिथल्याच कपारीत फ्रान्सिसने आपल्या फ्रान्सिस्कन संघाची नियमावली लिहिली, पोपने 29 नोव्हेंबरला मंजूर केली, हे मला इंटरेस्टिंग वाटत होतं, पण तुम्ही मम्मीला दुसरंच सांगत बसलात. की त्याचेही डोळे गेले होते. इजिप्तहून आल्यापासून डोळे सतत गळायचे, उजेड सहन व्हायचा नाही, आणि इथेच वैद्याने लोखंड लाल तापवून कानापासून भुवईपर्यंत डागलं. सोबतच्या ब्रदरना बघवेना, ते खोलीबाहेर पळाले. आणि हा विस्तवाला म्हणतो, भावा अग्नी, माझ्याशी जरा सौम्य वाग. एवढं करून डोळे काही बरे झाले नाहीत, तेही तुम्ही लपवलं नाहीत. मला आधी वाटलं कशाला सांगायचं आजारी बाईला असलं. मम्मी दगडावर बसली, चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाली, "मग त्याला कळेल माझं." आणि मग अर्धा तास आपण तिघी कोणीच काही बोललो नाही, आत कुठेतरी पाणी ठिबकत होतं तेवढंच. आमच्या वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कनांचं पडकं देऊळ आहे, जमिनीभर थडग्यांचे दगड, तिथे मी शंभरदा गेलेय, पण अशी गप्प कधी बसले नव्हते.

पेट्रोलचे पैसे तुम्ही घेतले नाहीतच, वर परतीच्या बसमध्ये चीज आणि पाव बांधून दिलात.

मम्मीच्या डोळ्याचं प्रेशर आहे तसंच आहे, डॉक्टरांनी ड्रॉप वाढवलेत. रात्रीचा ड्रॉप झोंबतो फार, तर ती डोळा उघडा धरून बाटलीला म्हणते, "भावा, जरा हळू," आणि मग स्वतःच हसते.

पुढच्या महिन्यात ओळखीतले एकजण रोमला येतायत, त्यांच्याकडे सुक्या बोंबलाची चटणी पाठवतेय, तीन पिशव्यांत गुंडाळून. तरी गाडीत उघडू नका.

तुमची,
मम्मीची धाकटी