बाबांच्या लिंबांचा पास्ता

नेरूळ, नवी मुंबई
रविवार, १३ जुलै २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

लिंबांची गोणी बुधवारी पहाटे मिळाली. गाडी रात्रीच वाशीच्या मार्केटला लागली होती, पण ड्रायव्हरकाकांनी माझी झोपमोड केली नाही, साडेपाचला फोन केला. रिक्षा करून गेलो आणि सात वाजता घरी आलो. गोणीच्या तोंडाची सुतळी बाबांनी स्वतः ओवलेली होती, ती गाठ मी कुठेही ओळखेन. उसवली आणि सगळ्या घरात आपल्या बागेचा वास सुटला. पावसामुळे खिडक्या बंद होत्या, म्हणून तो रात्रीपर्यंत घरातच राहिला.

बाबा, तुम्ही म्हणालात की भाव पडलाय, तोडणीची मजुरीही सुटत नाही, म्हणून पाठवली, वाटून टाक. शेजारच्या दोन घरांत दिली, बाकीची आम्हीच ठेवली. गोणीत खैऱ्या रोगाचा डाग असलेलं एकही लिंबू नव्हतं. डागाची सगळी घरी ठेवून आम्हाला स्वच्छ साल असलेली निवडून पाठवलीत, हे माझ्या ध्यानात आलं. त्या सालीचं मी काय केलं, तेच आज सांगायचं आहे.

शुक्रवारी फोनवर आई म्हणाली, "पास्ता म्हणजे नेमकं कशासारखं लागतं रे?" मला पटकन सांगता आलं नाही. फोन ठेवल्यावर सारखं वाटत राहिलं की आईने विचारलं आणि मी "असंच, शेवयांसारखं" म्हणून मोकळा झालो. म्हणून आज बसून लिहितोय.

आई, शेवयांसारखं म्हणालो ते तसं चुकीचं नव्हतं. चांगला पास्ता ड्युरम नावाच्या गव्हाच्या रव्याचा असतो. ड्युरम म्हणजे आपला बन्सी गहू. तू उन्हाळ्यात शेवयांसाठी मुद्दाम बन्सी घ्यायचीस, कारण त्याची शेवई शिजवताना मोडत नाही आणि खिरीचा लगदा होत नाही. इटलीतल्या बायकांनाही तो गहू त्याच गुणासाठी हवासा वाटला असणार. पाकिटातल्या लांब काड्यांचा पिवळसर रंग पाहिला आणि मला आपला ओटा आठवला, खाटेवरच्या धुतलेल्या साडीवर वाळत घातलेल्या शेवया आठवल्या. फरक इतकाच की हा रवा नुसत्या पाण्यात घट्ट मळून साच्यातून दाबतात. तो कडक वाळवलेला असतो, त्यामुळे शिजायला नऊ-दहा मिनिटं लागतात.

पहिल्यांदा मी गुरुवारी केला, आणि तो बिघडला. पातेल्यात दूध आणि थोडी साय उकळत ठेवली, त्यातच लिंबू पिळलं. क्षणात सगळं फाटलं, एकीकडे गोळे आणि एकीकडे पाणी. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन आंबट आणि उष्णता एकदम लागली की गोळा होतं. पनीर तसंच होतं, हे मला ठाऊक होतं, तरी हात थांबला नाही. ही ड्यूटीवरून दमून आली होती. तिला आणि चिऊला मी खिचडी टाकून दिली, पण मन खट्टू झालं. बाबांची लिंबं होती ती.

दुसऱ्या दिवशी फोनवर हे सांगितलं तर तू पास्ता कधी डोळ्यांनी पाहिला नसताना म्हणालीस, "कढीला काय करते मी? ताकाला आधी बेसन लावते ना, मगच गॅसवर ठेवते. तुझ्याकडं पिठाचं काही असंल तर ते आधी घाल. आन् आंबट सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून." आई, शंभर टक्के बरोबर सांगितलंस. पास्ता उकळताना त्याचं पीठ पाण्यात उतरतं आणि पाणी भाताच्या पेजेसारखं गढूळ होतं. ते पाणी ओतून द्यायचं नसतं. बेसन कढी फुटू देत नाही, तसं हे पिठूळ पाणी लोणी आणि साय वेगळी होऊ देत नाही, सगळं एकजीव धरून ठेवतं. मी गुरुवारी ते सिंकमध्ये ओतून मोकळा झालो होतो.

शनिवारी, म्हणजे काल, तुझ्या सांगण्याप्रमाणे केला. कसा ते सांगतो.

अडीच लिटर पाणी उकळायला ठेवलं. लिटरला दहा ग्रॅम मीठ घालायची रीत आहे, मी निम्मंच घातलं. लोणी आणि चीज दोन्ही खारट असतात, आणि बाबांच्या बीपीचा विचार करून आत्तापासूनच हात आखडता ठेवायची सवय लावतोय. त्यात पाव किलो पास्ता सोडला. पाणी उकळेपर्यंत लिंबं कोमट पाण्यात चोळून धुतली, कोरडी पुसली आणि तीन लिंबांची साल जायफळाच्या बारीक किसणीवर किसली.

इथे थोडं थांबतो, कारण मला या पदार्थात सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. बाबा, बागेत तुम्ही फळ तोडायच्या आधी अंगठ्याच्या नखाने सालीवर एक बारीक ओरखडा काढता आणि नाकाशी धरता. लहानपणी मला वाटायचं तुम्ही पिकलंय का ते बघता. काल किसणीवर पहिला हात फिरवला आणि तोच वास आला, रसाचा नाही, सालीचा. लिंबाचा खरा सुगंध सालीतल्या बारीक तेलाच्या पिशव्यांत असतो. रसात येतो तो आंबटपणा. आपण जन्मभर रस पिळला आणि साल एक तर लोणच्यात घातली, नाही तर तांब्याची भांडी घासून टाकून दिली. इटलीतल्या लिंबांची साल जाड असते, आपल्या कागदी लिंबाची नावासारखीच कागदाएवढी, म्हणून हात फार हलका ठेवावा लागतो. दोनदा फिरवलं की पुरे. तिसऱ्यांदा फिरवलं तर खालचा पांढरा भाग येतो, आणि तो कडू असतो. पूर्ण पिवळी झालेली निवडली, हिरव्या सालीचा वास अजून उग्र येतो. सगळा कीस मिळून जेमतेम दीड चमचा भरला.

दुसऱ्या गॅसवर कढईत दोन चमचे लोणी मंद आचेवर वितळवलं, त्यात निम्मा कीस घातला. लोण्यात तो सुगंध उतरतो, फोडणीत हिंग उतरतो तसा. मग पाऊण वाटी फ्रेश क्रीम. गुरुवारी दूध वापरलं ही चूकच होती. सायीत लोण्याचा अंश जास्त आणि प्रथिन कमी, म्हणून ती आंबटाला दुधाइतकी लगेच बळी पडत नाही. क्रीम कोमट झालं की दोन पळ्या ते पिठूळ पाणी. भरडलेली मिरी. बस. पास्ता आठव्या मिनिटाला, मधोमध किंचित कच्चट असतानाच, चिमट्याने सरळ कढईत उचलला, म्हणजे उरलेला तो रसात शिजतो आणि रस आत पितो. दोन मिनिटं हलवला, घट्ट वाटला तेव्हा अजून अर्धी पळी पाणी घातलं. मग गॅस बंद केला, मनात वीस आकडे मोजले, आणि मगच दीड लिंबाचा रस आणि मूठभर किसलेलं चीज.

फाटला नाही, आई. दुधावरच्या जाड सायीसारखा रस एकेका काडीला धरून राहिला.

चीजबद्दल तुला सांगायलाच हवं. या पदार्थात खरं तर पार्मेझान नावाचं इटलीतलं चीज घालतात. मी दुकानात हातात घेतलं आणि परत ठेवलं, कारण ते करताना दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. तुझ्या गळ्यात माळ आहे. आपल्याकडचं साधं, हिरव्या टिकलीचं चीज आणलं, चव थोडी सौम्य येते पण काही अडत नाही. कांदा यात नसतोच. बरेच जण दोन-तीन लसणाच्या पाकळ्या घालतात, मी घातल्या नाहीत. गेल्या रविवारी एकादशी झाली, तुझा चातुर्मास लागला, आणि तू खाशील असाच मला करून बघायचा होता. लसणावाचून लिंबाचा वास उलट जास्त मोकळा होतो, हे मी मनापासून सांगतो.

आता चव. आधी नाकाला वास लागतो, मग जिभेवर लोण्याचा मऊपणा, आणि गिळताना मागून आंबट. आपल्या जेवणात याच्या सगळ्यात जवळचं काय असं मी रात्रभर शोधत होतो. दहीभात आहे ना, तू सायीच्या दह्याचा करतेस, लिंबाच्या लोणच्याचा खार लावून? तसा, पण गरम. बाबा, तुम्हाला कवळीने चावायला काहीच त्रास होणार नाही. "भाकरीसारखं पोट भरत नाही" असं तुम्ही म्हणाल, तेही खरं आहे. तुमच्यासाठी शेजारी भाकरी ठेवीन.

पण हे सगळं लिहिण्याचं कारण वेगळं आहे.

हा पदार्थ थांबत नाही. दहा मिनिटं ठेवला की पीठ रस ओढून घेतं आणि गोळा होतो. म्हणून तो कढईतून निघाला की घरातल्या सगळ्यांनी एकदम ताटावर बसावं लागतं, करणाऱ्यानेसुद्धा. काल सव्वाआठला ही आली, हात-पाय धुतले, आम्ही तिघं बसलो. चिऊ म्हणाली, "बाबा, आज गॅसपाशी कुणीच नाही." ती सहज बोलून गेली, पण माझा घास हातात राहिला.

आई, आपल्या घरात गॅसपाशी कायम कुणीतरी होतं, आणि ती तू होतीस. तव्यावरची भाकरी फुगली की पहिली बाबांच्या ताटात, मग दादाच्या, मग माझ्या. मी चार खायचो आणि प्रत्येक गरमच हवी म्हणायचो. तू बसायचीस तेव्हा आम्ही हात धुऊन अंगणात गेलेलो असायचो. कालवण तळाला गेलेलं, आणि ज्या भाकरीला चिरा पडल्या ती तुझ्या ताटात. इतक्या वर्षांत मी तुला तव्यावरून उतरलेली पहिली भाकरी खाताना पाहिलेलं नाही. आठवून बघितलं. एकदासुद्धा नाही. आणि मी कधी विचारलंही नाही, याचं मला काल फार वाईट वाटलं. दिवाळीत इथे आलात तेव्हाही पाचही दिवस तू ओट्यापाशीच होतीस, गुडघ्याला पट्टा बांधून, आणि मी "बस ना आता" एवढंच म्हणत राहिलो. नुसतं म्हणून कुणी बसत नाही. दुसऱ्या कुणीतरी उठून करावं लागतं.

तर माझं मागणं असं आहे. श्रावण लागायला बारा दिवस आहेत. त्याच्या आत तुम्ही दोघं या. पावसाची उघडीप पाहून मी शनिवारी गाडी घेऊन येतो, रविवारी सगळे मिळून निघू. बागेचं म्हणाल तर दादा आहे, आणि लिंबाच्या आंबे बहाराची, म्हणजे पावसाळ्यात येणाऱ्या फळाची, तोडणी आता संपतच आलीय. या वर्षी उन्हाळ्यात फळ देणारा हस्त बहार धरायचा की नाही, त्यासाठी झाडांचं पाणी तोडून ताण कधी द्यायचा, त्याबद्दलही बाबा, समोरासमोर बोलू. गेल्या वेळी सप्टेंबरच्या पावसाने ताण बसू दिला नाही म्हणून तुम्ही मनाला लावून घेतलंत. उन्हाळ्यात शहरात एकेक लिंबू दहा रुपयांना विकलं जातं, २०२२ च्या एप्रिलमध्ये तर त्याच्याही वर गेलं होतं, आणि तेव्हा आपल्या झाडांवर फळ नव्हतं. ते तुम्हाला किती लागलं होतं, ते मला माहीत आहे. पण पाऊस तुमच्या हातात नव्हता, बाबा.

इथे आल्यावर पहिल्या संध्याकाळी हाच पास्ता. आई, तू स्वयंपाकघरात यायचं नाही. अगदीच राहवलं नाही तर खुर्ची दारात टाकून देईन, तिथून सांग काय सांगायचं ते. बाबांनी लिंबं निवडून द्यावीत, नखाने ओरखडा काढून. चीज किसायचं काम चिऊने आधीच स्वतःकडे घेतलंय. आणि पहिलं ताट तुझं वाढीन, वाफ निघत असताना.

बाबांच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत ना, ते दादाला फोनवर सांगायला लाव. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत.

तुमचा,
धाकटा

ता. क. — गोणी धुऊन गॅलरीत वाळत घातली आहे. मंगळवारी गाडी परत निघेल तेव्हा ड्रायव्हरकाकांबरोबर पाठवतो. आत पास्त्याची दोन पाकिटं ठेवतोय, दादाच्या मुलांसाठी. त्यांना सांग, उकळलेलं पाणी ओतून देऊ नका.