दोन महिन्यांसाठी खोली कुठे मिळेल?

महोदय,

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. रेडिएशन पाच-सहा, कधी सात आठवडे चालतं. सोमवार ते शुक्रवार रोज जायचं, काही मिनिटं मशीनखाली झोपायचं आणि परत यायचं. बऱ्याच रुग्णांना त्यासाठी दाखल करून घेण्याची गरज नसते, पण जिंतूर किंवा औंढ्याहून रोज ये-जाही होत नाही. मग दीड-दोन महिन्यांसाठी खोली शोधावी लागते, आणि तीच या शहरात मिळत नाही.

माझ्या मोठ्या भावाच्या उपचारासाठी आम्ही हडको, टीव्ही सेंटर, औरंगपुरा पालथं घातलं. ‘भाड्याने देणे आहे’च्या पाट्या भरपूर. पण अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करा, मधेच सोडलं तर डिपॉझिट परत नाही, हेच उत्तर. एजंटला दोन महिन्यांसाठीही पूर्ण एका महिन्याचं भाडं हवं. एके ठिकाणी सगळं जुळत आलं होतं. किल्ली घेऊन जिना चढणाऱ्या काकूंना वहिनीनं आजाराचं खरं सांगितलं, तशा त्या तिथंच थांबल्या. “पेशंट असेल तर नको बाई, घरात लहान लेकरं आहेत.” काकूंचा मला राग नाही. पण कर्करोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि बाहेरून मशीननं दिलेलं रेडिएशन रुग्णाच्या अंगात राहत नाही. त्यानं नातवंडाला मांडीवर घेतलं तरी काही होत नाही. हे दवाखान्यात सांगतात, गल्लीत कोण सांगणार?

लॉजवर राहा, असा सल्ला अनेकांनी दिला. तोंडाच्या कर्करोगात रेडिएशन सुरू झालं की दोन-तीन आठवड्यांत तोंड आतून सोलवटतं. तिखट राहू द्या, पोळीचा घास गिळवत नाही. मऊ भात, मिक्सरमधून काढलेलं वरण, निवलेली पेज, असं दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्यावं लागतं. लॉजच्या खोलीत गॅस कोण पेटवू देणार? खाणं तुटलं की वजन उतरतं, अशक्तपणा वाढला की उपचारात खंड पडतो, आणि रेडिएशनमध्ये खंड पडणं फार वाईट. म्हणून अशा रुग्णासाठी ओटा आणि गॅस हा उपचाराचाच भाग आहे.

अकरा महिन्यांची सक्ती कोणत्याही कायद्यात नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, एवढंच. तो दोन महिन्यांचाही होतो. नोंदणी ऑनलाइन होते. शहरात नोंदणी फी हजार रुपये आणि मुद्रांक शुल्क पाव टक्का. भाडेकरू उठलाच नाही तर काय, ही घरमालकांची खरी धास्ती. त्यावरही कलम २४ आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दरानं भरपाई घेता येते आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. दर दोन महिन्यांनी नवा माणूस शोधण्याचा त्रास मात्र खरा आहे. त्यासाठी भाडं थोडं जास्त मागितलं तरी लोक देतील, आम्हीही दिलं असतं.

रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. अल्प मुदतीनं खोली द्यायला तयार असलेल्या घरमालकांची यादी त्यांच्याकडे ठेवावी. भाडं, डिपॉझिट आणि स्वयंपाकाची सोय त्यात लिहिलेली असावी. महापालिकेनं जवळच्या वसाहतींत त्यासाठी आवाहन करावं. रेडिएशनची तारीख मिळते त्याच दिवशी ही यादी नातेवाइकांच्या हाती पडली, तर एजंटच्या दारात जावं लागणार नाही. मुलं पुण्याला गेल्यामुळे वरचा मजला कुलूपबंद असलेली घरं या शहरात कमी नाहीत. त्या घरमालकांनी पहिलं नाव नोंदवावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)