माझ्या मातीची तजवीज

कोल्हापूर,
रविवार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी मी बँकेचा विषय काढला आणि तू "आई, असलं काही बोलू नकोस" म्हणून फोन ठेवलास. रात्री पुन्हा फोन केलास आणि नुसती रडलीस. मला काही झालेलं नाही. बीपीची गोळी चालू आहे, रंकाळ्यावरचं सकाळचं फिरणं सुटलेलं नाही. पण हे बोलायचं राहून गेलं तर फार वाईट होईल, म्हणून लिहिते. एका बैठकीत वाच.

आण्णा गेले ती रात्र तुला ठाऊक आहे, पण सगळी नाही. तू पुण्याहून सव्वातीनला निघालीस आणि साडेआठला पोचलीस. मधल्या पाच तासांतलं मी तुला कधी सांगितलं नाही.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा पावणेतीन झाले होते. मी आत गेले, आण्णांच्या कपाळावर हात ठेवला. अंगात अजून ऊब होती. तेवढ्यात एक मुलगा आला आणि काउंटरवर बोलावलंय म्हणाला. बिलाचे 42 हजार राहिले होते. पैसे भरल्याशिवाय बॉडी ताब्यात मिळणार नाही, असं सांगितलं. आण्णांच्या खात्यात पैसे होते, पण कार्डाचा पिन त्यांच्या डोक्यात. माझ्या खात्यात गॅसची सबसिडी आणि चार-पाच हजार. घाईत चष्माही घरीच राहिलेला. शेजारच्या भाऊंनी तालमीतल्या पोरांना फोन करून उठवलं. कुणी दोन हजार आणले, कुणी पाच. एका पोरानं सकाळी डेअरीत भरायची दुधाची रक्कम प्लास्टिकच्या पिशवीतून तशीच आणून माझ्या हातात दिली. काउंटरच्या काचेवर मी दहा-दहाच्या, पन्नासच्या नोटा मोजत होते. दोनदा चुकले. काचेपलीकडचा म्हणाला, मावशी, पुन्हा एकदा मोजा.

पावती हातात पडली तेव्हा पाच वाजले होते. आत गेले तर आण्णांचं अंग गार पडलं होतं. बोटं सरळ करायला गेले, होईनात. छत्तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना आजारपणात एक रात्र एकटं ठेवलं नव्हतं, आणि त्या रात्री सव्वादोन तास ते एकटे होते. मी बाहेर नोटा मोजत होते.

बाळ, मला बाकी कशाचं इतकं दुःख नाही. माणूस जातं, त्याला कुणाचा इलाज नाही. पण त्यांच्या उशाशी बसायचे ते दोन तास माझे होते, आणि ते पैशानं नेले. तुझ्यावर ती वेळ मी येऊ देणार नाही. या पत्राचं कारण एवढंच.

बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हे मला फार उशिरा कळलं. रुग्णांच्या हक्कांच्या सनदेत ते लिहिलेलं आहे. कधी गरज पडली तर "सनद दाखवा" असं ठणकावून सांग. मला त्या रात्री कुणी हे सांगितलं असतं तर!

आणि मसणवटीत काय लागलं? काही नाही. आपल्या महापालिकेच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्कार मोफत होतात, लाकूड-शेणीला पैसे घेत नाहीत. गरीब असो की बंगलेवाला, पंचगंगेच्या काठावर सगळ्यांना एकच शेणी. दानपेटी असते, ज्याला वाटेल तो टाकतो. होळीला तालमी आणि मंडळं मोठी होळी न पेटवता शेणी स्मशानभूमीला देतात, ट्रॉल्या भरभरून. लहानपणी तूही दोन शेणी डोक्यावर घेऊन गेली होतीस, आठवतंय? आपल्या गावाची ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

मग पैसे गेले कुठं? बाराव्याला. भावकी म्हणाली, आण्णांसारखा माणूस, उत्तरकार्य साधं केलं तर लोक काय म्हणतील. मांडव घातला, साडेचारशे पान उठलं, 90 हजार गेले. मी माझ्या पाटल्या पतसंस्थेत सोनेतारण ठेवल्या. तू विचारलंस तेव्हा म्हटलं, सैल झाल्यात, सोनाराकडं दिल्यात. खोटं बोलले. दोन वर्षं त्या गहाण होत्या. ते साडेचारशे लोक जेवून गेले, त्यातले नंतर माझ्या दारात किती आले ते मी बोटांवर मोजू शकते.

आता तुझ्या त्या कंपनीचं. तू म्हणालीस, ऑफिसातल्या मैत्रिणीनं तिच्या वडिलांसाठी आधीच पैसे भरून ठेवलेत, गाडी, भटजी, फुलं, दाखल्यापर्यंत सगळं ते बघतात, आपण पण करूया. तुझा हेतू चांगला आहे. मोठ्या शहरात, जिथं शेजारी कोण ते माहीत नसतं, तिथं लोकांना याची गरज पडत असेल. पण दहा-वीस वर्षांनी लागणारी गोष्ट आज पैसे देऊन ठेवायची, तर तोवर ती कंपनी टिकली पाहिजे. जावईबापूंनीच सांगितलं ना, विलायतेत ही पद्धत जुनी आहे आणि तरी 2022 साली तिथली एक कंपनी बुडाली. चाळीस हजारांहून जास्त लोकांनी आपल्या मयताचे पैसे तिच्याकडं भरलेले. त्याच वर्षी जुलैपासून तिथल्या सरकारी यंत्रणेनं असल्या कंपन्यांना परवाना सक्तीचा केला. बिचारी म्हातारी माणसं! मरणाची काळजी मिटली म्हणून निर्धास्त बसलेली. तेव्हा पैसे दुसऱ्याच्या हातात नकोत. तुझ्या आणि माझ्या नावावर असू देत.

आपल्याकडंही बायका हे करतच आल्यात. तुझी आजी, माझ्या आत्याबाई, माझ्या लग्नाआधीपासून स्वतःची तजवीज करून बसल्या होत्या. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेला कुणी हात लावायचा नाही. 2018 च्या जानेवारीत त्या गेल्या तेव्हा मी पहिल्यांदा ती उघडली. वर डांबरगोळ्यांचा वास. एक कोरी इरकल, घडीवर पिवळी पडलेली. काशीहून आणलेला गंगेचा गडू, तोंडाला लाख लावून बंद केलेला. तुळशीची वाळकी मंजिरी कागदात. आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गाठ मारलेले पैसे. गाठ इतकी घट्ट की दातानं सोडवावी लागली. आत पाचशेच्या अकरा नोटा. सगळ्या जुन्या, 2016 च्या नोव्हेंबरात रद्द झालेल्या! बँकेत बदलून घ्यायची मुदत गेली तेव्हा त्यांनी ट्रंक उघडलीच नव्हती, आणि उघडा म्हणायची आमची छाती नव्हती. अंड्या-कोंबड्यांतून रुपया-रुपया साठवलेलं ते धन, त्यांच्या मातीला त्यातला एक पैसा लागला नाही. त्या नोटा मी अजून टाकल्या नाहीत.

म्हणून मी ट्रंकेत काही ठेवणार नाही. बँकेत वेगळं बचत खातं काढलंय, त्यात 60 हजार आहेत. मुदतठेव मुद्दाम केली नाही, ऐन वेळी मोडायला कागद लागतात. खातं तुझ्या-माझ्या दोघींच्या नावे, "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" या अटीवर. म्हणजे मी दवाखान्यात असतानाही तू पैसे काढू शकशील आणि माझ्यामागंही खातं अडणार नाही. नुसतं नामनिर्देशन केलं असतं तर पैसे मिळाले असते, पण मृत्यूचा दाखला दिल्यावर, आणि दाखला काही त्या रात्री मिळत नाही. पतसंस्थेत व्याज जास्त देतात, पण बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेला तो नाही.

वकिलांनाही विचारून आले. ते म्हणाले, 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात अंत्यविधीचा वाजवी खर्च माणसाच्या मागं राहिलेल्या पैशातून बाकी देण्यांच्या आधी वळता करायचा, असंच आहे. म्हणजे तो खर्च माझाच आहे, तुझा नाही. तू खिशात हात घालायचा नाहीस आणि जावईबापूंनाही घालू द्यायचा नाहीस. मृत्युपत्रही केलंय, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्यात. पण मृत्युपत्र बहुतेक वेळा दिवस झाल्यावर उघडतात, म्हणून मातीचं त्यात लिहिलं नाही. ते इथं लिहिते.

मी गेले की आधी कुणाला फोन करायचा नाही. माझ्याजवळ बस, वाटेल तेवढा वेळ. मग पहिला फोन नेत्रपेढीला, नंबर लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. डोळे सहा तासांच्या आत घ्यावे लागतात. तोवर पंखा बंद कर, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेव आणि डोक्याखाली उशी दे. देहदानाचाही विचार केला होता. पण आण्णांना जिथं दिलं तिथंच मला जायचंय, एवढा हट्ट माझा राहू दे.

घरी गेले तर गल्लीतल्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्यायचा, त्याशिवाय पुढची नोंद होत नाही. नोंद 21 दिवसांत करायची. दाखल्याच्या दहा प्रती काढून घे, आण्णांच्या वेळी मी दोनच काढल्या आणि सहा हेलपाटे घातले.

पावसाळा असेल तर पंचगंगेचं पाणी बघ. 2019 ला घाट, स्मशानभूमी सगळं पाण्याखाली होतं. तसं असेल तर कदमवाडीला न्या, पण पाणी उतरायची वाट बघत मला घरात ठेवू नका.

अग्नी तू द्यायचास. चुलत्यांचा मुलगा पुढं होईल, भावकी म्हणेल रीत नाही. त्यांना हे पत्र दाखव. ज्या गावात शाहू महाराजांनी माणसांना ताठ उभं राहायला शिकवलं, त्या गावात लेकीनं आईला अग्नी द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. महाराजांची स्वतःचीही इच्छा होती की समाधी नर्सरी बागेत व्हावी. एवढ्या मोठ्या राजाची इच्छा पुरी व्हायला 2020 साल उजाडलं. माझी इच्छा तू तिसऱ्या दिवसापर्यंत पुरी करू शकतेस.

रक्षा नदीत सोडायची नाही. नदीला आधीच किती सोसावं लागतंय! माझ्या माहेरच्या शेतात, विहिरीजवळच्या आंब्याच्या बुडात घाला. मामाला मी सांगून ठेवलंय, तो आधी रागावला, मग म्हणाला, आक्का, तिथं मी रोज पाणी घालीन.

बारावं घालायचं नाही. मांडव नाही, आचारी नाही. रक्षाविसर्जनादिवशी खांदा दिलेल्यांना आणि घरच्यांना आमटी-भात घाल, तो तू आणि काकू मिळून करा. त्या रात्री पैसे घेऊन आलेली ती तालमीतली पोरं, आता बापई झालीत, त्यांना आठवणीनं बोलव. खात्यातले 11 हजार शेणीसाठी स्मशानभूमीला दे. उरलेल्यातून कुणाचं काही द्यायचं निघालं तर दे, नाहीतर तुझ्याकडं ठेव.

साडी म्हणशील तर ती मोरपंखी, आण्णांनी तुझ्या बारशाला घेतलेली. ते गेल्यापासून मी ती नेसले नाही, पांढरी नेसवा कुणी म्हणालं तरी ऐकू नकोस.

शुक्रवारी येताना आधार कार्ड, पॅन कार्ड आणि दोन फोटो घेऊन ये. खात्याच्या फॉर्मवर तुझी सही राहिलीय, साहेब म्हणाले दुपारी तीनच्या आत या. बँकेतून येता येता मिरजकर तिकटीला ब्लाउज शिवायला टाकूया, त्या मोरपंखीवरचा आता दंडात घट्ट होतो.

तुझी,
आई