लुवुव्हू नदीतले डीडीटी : केंद्रीय रसायने व खते मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

रसायनीला (जि. रायगड) कारखाना असलेल्या एचआयएल या सरकारी कंपनीने २०२० मध्ये मलेरिया नियंत्रणासाठी दक्षिण आफ्रिकेला २०.६ टन डीडीटी, म्हणजे डास मारायला घरांच्या भिंतींवर फवारायचे कीटकनाशक, पाठवले. फवारणीला आमचा विरोध नाही. तिथे १९९६ मध्ये डीडीटी थांबवले, पायरेथ्रॉइड या दुसऱ्या गटातल्या कीटकनाशकांना दाद न देणारे डास परतले, मलेरिया भडकला आणि २००० मध्ये डीडीटी पुन्हा आणावे लागले. आमची तक्रार फवारणीनंतरच्या धुवणाबद्दल आहे.

७५ टक्के भुकटीची ६७० ग्रॅमची पुडी १० लिटर पाण्यात कालवतात. चौरस मीटरला ४० मिली फवारा, म्हणजे भिंतीवर २ ग्रॅम डीडीटी बसते. संध्याकाळी पंप, बादल्या, कपडे धुतले जातात आणि ते पाणी ओढ्यात गेले की घात होतो. इतर कीटकनाशकांना कोळसा, भुसा आणि खडीचा शोषखड्डा चालतो. डीडीटीला नाही, ते मातीत वर्षानुवर्षे तसेच राहते. त्याला पक्क्या तळाची, न झिरपणारी बाष्पीभवन टाकीच हवी. दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतात फवारणीच्या हंगामातच पाऊस सुरू होतो, त्यामुळे झाकण नसलेली टाकी भरून वाहते. पंप विसळलेले पाणी दुसऱ्या दिवशीचे मिश्रण करायला वापरले, तर टाकीत जाणारे पाणीच कमी होते. इतकी साधी गोष्ट, पण रोज कोणीतरी बघावी लागते.

नुसते पाणी तपासून काही कळत नाही. डीडीटी पाण्यात जेमतेम विरघळते. गाळाला चिकटते आणि माशांच्या चरबीत साठते. तिथल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानातून वाहणाऱ्या लुवुव्हू नदीच्या टायगरफिश या शिकारी माशात ते आढळले आहे. म्हणून संथ डोहातला वरचा ५ सेंमी गाळ काचेच्या बरणीत घ्यावा, सोबत मासेही. डीडीटी आणि त्यापासून होणारे डीडीई वेगवेगळे मोजावे. डीडीटीचे प्रमाण जास्त निघाले, तर गळती ताजी आहे.

डीडीटीसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या विषारी रसायनांवर बंधने घालणारा आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करार भारताने २००६ मध्ये स्वीकारला. यापुढे डीडीटी निर्यातीला परवानगी देताना विक्रीच्या करारातच तीन अटी घाला : माल पोहोचण्याआधी झाकलेली टाकी तयार असावी, मुदत संपलेला साठा आणि टाकीतला गाळ सुरक्षितपणे नष्ट करण्याचा खर्च विक्रेत्याने उचलावा, हंगामाआधी व नंतर नदीच्या खालच्या अंगाला गाळ आणि मासे तपासून निकाल तिथल्या गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत मिळावेत. आधी गेलेल्या मालापैकी किती पुड्या कोणत्या गोदामात पडून आहेत, याची यादी मात्र आपण आत्ताच मागवावी.

आपले,
जलप्रदूषणावर काम करणारे रसायनतज्ज्ञ